अशनीच्या वर्गीकरणावर घेतलेली हरकत

हरकत अर्ज हा मराठी लेखनातील सर्वांत अवघड प्रकार आहे, असे माझे अनुभवाअंती बनलेले मत आहे. मागणीचा अर्ज कोणीही लिहू शकतो. मागणाऱ्याला काय हवे ते ठाऊक असते, आणि ते कागदावर उतरले की काम संपते. हरकतीचे तसे नाही. एखादी गोष्ट घडू नये असे माणसाला आतून वाटत असते, आणि ती का घडू नये याचे कायद्यात बसणारे कारण आपणास बाहेरून शोधून द्यावे लागते. ही दोन कारणे क्वचितच एक असतात.

सेनगावच्या तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून पत्र्याचे एक छप्पर आहे. त्याखाली बसून मी बांध, विहीर, पाणंद रस्ता, वारस नोंद, रेशन दुकान अशा नाना विषयांवर हरकती लिहिल्या. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि माझ्या हातची हरकत पहिल्याच तारखेला फेटाळली गेल्याचे उदाहरण नाही, हे तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. अशा मजकडूनही एका दगडाच्या जातीवर हरकत एकदाच लिहिली गेली. तो दगड आकाशातून पडलेला होता, आणि सापडला होता दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात.

सोयाबीन निघून गेले होते आणि तूर फुलावर होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. जवळच्या तांड्यावरची एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसली. मी तिला पूर्वीपासून ओळखत होतो. नवरा वारल्यावर दिराच्या मदतीने शेत करून तिने एकुलती एक मुलगी शिकवली. त्या मुलीच्या जात पडताळणीचे प्रकरण मीच तयार केले होते. तांडा पूर्वी बैलांवर माल घेऊन फिरणाऱ्यांचा. आजोबांची जन्मनोंद कुठल्याच गावात नव्हती. शेवटी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने म्हाताऱ्या आजीला लग्नातली गाणी म्हणायला लावली, देव विचारले, सण विचारले, आणि कागदात जे नव्हते ते आजीच्या तोंडून ऐकून घेतले. प्रमाणपत्र मिळाले. मुलगी पुढे शिकत गेली आणि परराज्यातील एका प्रयोगशाळेत संशोधक झाली.

"भाऊ, एक हरकत लिहायची हाय," बाई म्हणाली.

"कुणावर?"

"दगडावर."

माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. त्यांच्याकडे संगणक व छपाईयंत्र असून त्यामुळे त्यांचा स्वतःविषयी काही गैरसमज झालेला आहे. ते लगेच खुर्ची वळवून म्हणाले, "मावशे, लोणारच्या तळ्यावर बी एक घेऊन टाक. तिथं तर येवढा मोठा दगड बिनापरवाना पडला."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून बाईला प्रकरण सविस्तर सांगण्यास सांगितले. ते असे होते. मुलीकडे प्रयोगशाळेने एक दगड तपासायला दिला होता. जगभरात सापडणाऱ्या अशा दगडांना, म्हणजे अशनींना, जात आणि नाव देणारी एक समिती आहे. मुलीने दगडाची जात ठरवून प्रस्ताव त्या समितीकडे पाठवला होता. तो मंजूर झाला की पुढच्या मोहिमेत, जिथे असे दगड सापडतात त्या बर्फावर, मुलीला स्वतः पाठवणार होते.

"दगड पास झाला की पोरगी जाणार," बाई म्हणाली. "दगड अडला की पोरगी अडली."

"मग तिला सरळ सांगा की जाऊ नको."

"सांगितलं. ती म्हनते, याडी, तुला समजत न्हाई." तांड्यात आईला याडी म्हणतात. "मी तिच्या मोबाइलमधी बगितलं ना भाऊ. सगळं पांढरं. झाड न्हाई, कुत्रं न्हाई, माणूस न्हाई. आन तीच मला सांगून राहिली, ह्यो दगड तिथं हजारो वर्सं पडून व्हता म्हनं. म्हंजे तिथं जे पडलं ते पडलं. हजारो वर्सं कुणी उचलत न्हाई."

हरकतीचा मसुदा मात्र करता येण्यासारखा होता. बाईची मागणी एवढीच की फाइल कुठेतरी अडकली पाहिजे. आमच्या भागात फाइल अडकवण्यासाठी एक हरकत पुरेशी असते, आणि ती कोणी लिहावी याबद्दल दुमत नसते.

परंतु ज्यावर हरकत घ्यायची त्याची माहिती असल्याखेरीज मी लेखणी उचलत नाही. मी बाईच्याच मोबाइलवरून मुलीला फोन लावला, आवाज मोठा ठेवला, आणि बाईला गप्प बसण्याची खूण केली.

"लेकी, तुझ्या दगडाबद्दल ऐकलं. जरा सांग बरं," मी म्हणालो.

"खरंच ऐकायचंय काका?" तिला एवढा आनंद झाला की शेजारच्या गृहस्थांनीही छपाईयंत्र बंद केले.

"त्याचं गाव कोणतं?"

"सापडला ते गाव, का मूळ गाव?"

हा प्रश्न मला आवडला. चांगले प्रकरण तयार झालेला पक्षकार असेच विचारतो. "आधी मूळ गाव."

"मंगळ आणि गुरूच्या मधी. तिथं लहान लहान ग्रह फिरतात. त्यातला एक कशावर तरी आपटून फुटला. त्याचा हा तुकडा."

"म्हणजे मूळ पुरुष हयात नाही."

"न्हाई काका. फुटला."

"फुटल्याचा दाखला?"

"दगडाच्या आत धक्क्याच्या खुणा आहेत. त्यावरनं किती जोरात मार बसला ते कळतं."

"ते वैद्यकीय प्रमाणपत्र झालं. दाखला नव्हे. बरं, जन्म कधीचा?"

"साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा."

"आणि पृथ्वीवर कधी आला?"

"काही हजार वर्षं तरी बर्फात होता. नक्की किती ते अजून काढायचंय."

"आणि जातीचा दावा आता दाखल होतो? विलंब माफीचा अर्ज जोडला होता का?"

पलीकडे बराच वेळ नुसते हसणे ऐकू येत होते. "न्हाई जोडला काका," ती शेवटी म्हणाली. मी ते टिपून घेतले.

मग तिने दगड कसा सापडतो ते सांगितले. तिकडचा बर्फ आपल्या कयाधू नदीसारखा वाहतो म्हणे, फक्त फार हळू. पोटात पडलेले दगड घेऊन तो वाहत राहतो. पुढे डोंगर आडवा आला की थांबतो. वरून वारा बर्फाचा थर खरवडून नेतो आणि आतले दगड उघडे पडतात. निळ्या बर्फावर काळा दगड लांबून दिसतो. तो काळा असतो कारण पडताना वरची कातडी जळून तिचा पातळ पापुद्रा होतो. आतून दगड राखाडी असतो. त्याला हात लावायचा नाही. चिमट्याने उचलायचा, स्वच्छ पिशवीत घालायचा, आणि गोठलेलाच घरी आणायचा.

मुद्देमालाला पंचांनी हात लावला नाही, ही गोष्ट माझ्या संपूर्ण कारकिर्दीत मी प्रथमच ऐकत होतो.

"पंच कोण होते?"

"मागच्या मोहिमेला गेलेल्या तुकडीतलेच लोक."

"स्थानिक पंच?"

"तिथं स्थानिक कुणी नसतंच काका."

एवढा वेळ गप्प बसलेली बाई अचानक म्हणाली, "कुणीच न्हाई?"

"अगं याडी, तू बी आहेस का? न्हाई ना, कुणीच न्हाई! शेकडो कोस कुणीच न्हाई!" मुलीने हे अभिमानाने सांगितले. बाईने पदर तोंडाला लावला.

जातीचा भाग मला सर्वांत लवकर समजला. मुलगी म्हणाली, "बुंदीचा लाडू फोडलाय ना तुम्ही? तसा हा दगड. आत बारीक बारीक गोळ्या असतात. सगळ्यात आधी अवकाशात वितळून गोठलेले थेंब ते. मूळ ग्रह आतून तापला, तशा गोळ्यांच्या कडा विरत गेल्या. बुंदी सुटी सुटी दिसली तर तिसरी पायरी. पार मिसळून गेली तर सहावी. याच्यातली दिसते, पण कडा पुसट. म्हणून पाचवी."

"आणि जात?"

"ती लोखंडावर. जास्त लोखंडवाले, कमी लोखंडवाले, अन् त्याहून कमीवाले. केसाहून पातळ काप काढून, त्यावर यंत्राचा झोत टाकून आतल्या खनिजात लोखंड किती ते मोजायचं. हा कमी लोखंडवाला. सगळ्यात जास्त सापडणाऱ्या कुळातला. आम्ही त्याला साधारण म्हणतो."

"साधारण?" बाईला राहवले नाही. "येवढ्या लांबून आनला, आन तुला साधारणच दिला? बाकीच्या पोरायला कसले दिले?"

"याडी, साधारण म्हंजे वाईट न्हाई गं."

"मग काहून चाललीस साधारणासाठी?"

 मी घाईने पुढचा प्रश्न विचारला, आणि तिने आणखी एक गोष्ट सांगितली. या दगडाच्या शेजारी तसाच दुसरा एक दगड सापडला होता. तो याचाच सख्खा तुकडा आहे की निराळा पडलेला, हे समितीने विचारले होते आणि ते तपासणे सुरू होते.

मी फोन ठेवला. त्याच बैठकीत मसुदा लिहून काढला. माझ्या उत्कृष्ट मसुद्यांत मी त्याची गणना करतो. सदर दगडाच्या मूळ पुरुषाचा मृत्यू दाखला प्रस्तावासोबत जोडलेला नाही. पंचनाम्यावर एकाही स्थानिक रहिवाशाची सही नाही. हजारो वर्षांचा विलंब माफ करून घेतलेला नाही. आणि शेवटचा, सर्वांत भक्कम मुद्दा असा की, शेजारी सापडलेल्या दगडास लगतचा खातेदार या नात्याने नोटीस बजावल्याशिवाय जात निश्चित करणे हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वास सोडून आहे. सबब वर्गीकरणाची कार्यवाही पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवावी, ही विनंती.

बाईने सही केली. तिला सही येते. ती मुलीनेच तिला शिकवलेली आहे, आणि त्यातले शेवटचे अक्षर मुलीच्या वळणाचे आहे.

"पत्ता काय टाकता?" शेजारच्या गृहस्थांनी विचारले. "निळा बर्फ, तालुका दक्षिण ध्रुव?"

पत्त्याची अडचण खरी होती. त्याहून मोठी अडचण नियमाची होती. हरकतीची प्रत विरुद्ध पक्षास देणे बंधनकारक असते, आणि दगडाच्या वतीने प्रस्ताव दाखल करणारी मुलगी हीच विरुद्ध पक्ष होती. मी हे सांगताच बाई उठून उभी राहिली.

"तिला कळवायचंच व्हतं तर मी घरीच बोलले असते ना! तुमच्याकडं कशाला आले असते?"

मी तिला समजावले की प्रतीशिवाय हरकत अवैध ठरते, आणि अवैध हरकतीने काहीच अडत नाही. "अडत न्हाई" हे शब्द तिला पटले. तिच्याच मोबाइलवरून अर्जाचे छायाचित्र मुलीला गेले. त्यानंतर बाई बराच वेळ मोबाइल पालथा ठेवून बसली होती.

दोन दिवस मुलीचा आईला फोन आला नाही. मग तो मला आला.

"काका, अर्ज वाचला. चांगला लिहिलाय." तिचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त थोडा सावकाश. "पण हरकत थेट वरच्या समितीला कशी लिहिली? आधी खालच्या पातळीवर सुनावणी लागते ना? माझ्या प्रकरणात तुम्हीच सांगितलं होतं, खालचा निकाल हातात असल्याशिवाय वर जाता येत नाही."

ती म्हणत होती ते शंभर टक्के बरोबर होते. मी तिला तसे सांगितले.

"मग लावा तारीख. मी येते. सुट्टी शिल्लक आहे माझी."

सुनावणी रविवारी ठेवली, कारण त्या दिवशी कचेरी बंद असते आणि छपराखाली शेळ्यांशिवाय कोणी नसते. निकाल कोणी द्यायचा हा प्रश्न होता. मी बाईचा अर्ज लिहिलेला असल्याने मला देता येत नव्हता. तांड्यातले तंटे नायक मिटवतात, म्हणून म्हाताऱ्या नायकांना जीपमधून आणले. त्यांना माझ्या खुर्चीवर बसवले आणि मी स्टुलावर बसलो. बाई पदर घेऊन एका बाजूला, मुलगी प्रवासाच्या पिशवीसकट दुसऱ्या बाजूला. दोघींमध्ये अद्याप एक शब्दही झालेला नव्हता. आईने मुलीला फक्त पाण्याचा तांब्या सरकवून दिला होता.

"दगडाच्या वतीनं मी," असे म्हणत शेजारचे गृहस्थ सुट्टी असूनही हजर झाले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना कोणी बोलावले नव्हते, पण दगडाला वकील नको असे कोणालाच म्हणता येईना.

मी अर्ज वाचून दाखवला. नायकांनी डोळे मिटून ऐकला. मग त्यांनी विचारले, "दगड कुठं हाय?"

"प्रयोगशाळेत, नायक," मुलगी म्हणाली. "बाहेर आणता येत न्हाई. हवेनं गंजतो. हा त्याच जातीच्या दुसऱ्या दगडाचा काप आणलाय, शिकवायचा असतो तो." तिने काचेची एक पट्टी काढली, आणि काळ्या चष्म्याच्या काचांसारखे दोन तुकडे. काप त्या दोन तुकड्यांच्या मधे धरला आणि उन्हाकडे केला.

नायकांनी पाहिले. गृहस्थांनी पाहिले. मीही पाहिले. राखाडी दगडाचा तो काप आतून निळा, पिवळा, जांभळा पेटलेला होता, आणि त्यात गोल गोल दाणे, पुसट कडांचे. मी सरकारी कामकाजात इतके रंग पूर्वी पाहिले नव्हते. शेवटी काप बाईकडे गेला. तिने तो डोळ्याला लावला, आणि लावूनच राहिली.

"दिसलं का याडी?" मुलगी पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"दिसलं." बाईने काप खाली घेतला नाही. "लई साजरं हाय. हेच तर."

"काय हेच?"

"हे बगितल्यावर तू कशी थांबशील?"

नायकांनी मला विचारले, "बाईची दगडावर हरकत काय हाय नेमकी? नीट सांगा."

मी लगतच्या खातेदाराचा मुद्दा मांडू लागलो, पण बाईने हात वर केला. "नायक, माझी दगडावर हरकत न्हाई. दगड बिचारा काय करून राहिला? त्याचं त्यानं पडून व्हता."

"मग अर्ज दगडावर काहून केला?"

"पोरीवर अर्ज करता येतो का कुठं?"

 एक शेळी माझ्या टेबलावरचा कार्बन कागद ओढत होती, तिला हाकलायचे कोणाला सुचले नाही.

"मला येवढंच पायजे," बाई म्हणाली, "ती तिथं त्या दगडासारखी पडून राहू नये."

दगडाच्या वकिलांनी चष्मा काढून पुसला.  मग नायकांनी जो निकाल दिला, तो मला शिकल्यासवरलेल्या अधिकाऱ्याकडूनही अपेक्षित नव्हता. ते म्हणाले, "दगड आज आला का? न्हाई. गैरहजर हाय. पार्टी गैरहजर असली की निकाल व्हत न्हाई. तारीख पडते."

"आणि तोपर्यंत?" मी विचारले. मला पुढचे दिसू लागले होते.

"तोपर्यंत काय करतेत तुमच्या कचेरीत?"

"तोपर्यंत जैसे थे."

या आदेशाबद्दल बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. वादातल्या जमिनीवर जैसे थे झाले, की ती जशी आहे तशी ठेवावी लागते. बांध हलवायचा नाही, झाड तोडायचे नाही, दगडही उचलायचा नाही. असे आदेश आमच्याकडे माणसांपेक्षा जास्त जगतात. माझ्या पाहण्यात एक विहीर अशी आहे, की तिच्यावर भांडणारे दोघेही गेले, पण ती जशीच्या तशी आहे.

"पोरीवर लावा," बाई ताडकन म्हणाली. "जैसे थे पोरीवर लावा."

"हरकत!" दगडाचे वकील उभे राहिले. "वाद दगडाचा हाय. पोरगी वादातली मिळकत न्हाई."

मुलगी आईकडे पाहत होती. ती मला म्हणाली, "लावा काका. पण अर्थ नीट लिहा. जायला बंदी न्हाई. जशी जाते, तशीच परत आली पाहिजे. याडी, एवढंच पाहिजे ना तुला?"

 नदीच्या पलीकडे जायचे की नाही ते ठरवणाऱ्या माणसासारखी बाई मुलीच्या पायांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आता जशी हाय ते आधी लिहून घ्या. मागून म्हनाल, पहिल्यापासूनच असं व्हतं."

हे कायदेशीरदृष्ट्या अचूक होते. जैसे थे लावायच्या आधी जागेवरच्या स्थितीचा पंचनामा व्हावा लागतो. म्हणून मी नवा कागद घेतला, आणि त्या रविवारी सेनगावच्या कचेरीसमोर एका अशनी संशोधकाचा स्थितीदर्शक पंचनामा केला. बाई सांगत गेली, मी लिहीत गेलो, मुलगी हात पुढे करत गेली. हाताची बोटे दहा, सर्व हलती. पायाची दहा, चप्पल काढून मोजली. उजव्या गुडघ्यावर तुरीच्या खुंटाची जुनी खूण. केस कमरेपर्यंत. दोन्ही कान शाबूत.

"धक्क्याच्या खुणा?" दगडाच्या वकिलांनी विचारले. त्यांनाही आता विषय समजू लागला होता.

"लहानपणी गाडीवरून पडली व्हती. हनुवटीला," बाईने दाखवले. लिहिले.

"गंज?"

"निरंक," मुलगी म्हणाली, आणि हसताना तिने डोळे पुसले.

"ठेचा लागतो तिला भाकरीसंगं, ते लिहा. रागात असली की फोन उचलत न्हाई, ते बी लिहा."

"ते कशाला, याडी?"

"जैसे थे म्हंजे सगळंच जैसे थे. नंतर गोड गोड बोलाय लागलीस तर मला कळलं पायजे, काहीतरी झालंय म्हून."

पंच म्हणून नायकांनी अंगठा केला, शेजारच्या गृहस्थांनी सही केली. स्थानिक पंच उपलब्ध होते, ही बाब मी मुद्दाम नमूद केली. एक प्रत मुलीने घडी करून पिशवीत ठेवली.

पुढे दगड मंजूर झाला. शेजारचा दगड त्याचाच सख्खा तुकडा निघाला. दगडाला नाव मिळाले नाही, फक्त ठिकाणाच्या नावापुढे एक क्रमांक, आणि जात आमच्या मुलीने ठरवली होती तीच: कमी लोखंडाची, पाचव्या पायरीची. बाईने गुळाची ढेप फोडून तांड्यावर वाटली, मला आणि दगडाच्या वकिलांना आणून दिली, आणि वाटताना ती एकदाही हसली नाही.

मुलगी जहाजाने गेली. त्या काळात बाई दर तारखेला छपराखाली येत असे. मी पुकारा करत असे. दगड गैरहजर. पुढील तारीख. "जैसे थे चालू हाय ना?" ती विचारी. "चालू आहे," मी म्हणे. मग ती जीप पकडी. शेजारच्या गृहस्थांनी एकदा मला विचारले की या तारखांना कायद्यात काय आधार आहे. मी त्यांना त्यांचे संगणकाचे काम करण्यास सांगितले. बर्फावरून कधीमधी व्हिडिओ कॉल लागे, तेव्हा बाई आधी हातमोजे काढायला लावी. मी पंचनामा वाचत असे आणि पडद्यावर एकेक बोट वर होत असे. "बराबर," बाई म्हणे. "आता घाल, गारठा हाय."

मुलगी परत आली ती पुढच्या वर्षीची तूर निघाल्यावर. थेट छपराखाली आली, कारण बाई तिथेच बसली होती. नायकांना आणले. मी पंचनामा उघडला आणि पहिल्या ओळीपासून ताडून पाहत गेलो. बोटे बराबर. गुडघा बराबर. हनुवटी बराबर. मग बाईचे बोट मुलीच्या गालावर थांबले. तिथे एक काळसर डाग होता, साय धरल्यासारखा.

"हे व्हतं का आधी?"

"वाऱ्यानं झालं, याडी. कातडी जळते गारठ्यानं. जाईल."

"लिहा भाऊ."

मी लिहिले: डाव्या गालावर काळसर पापुद्रा, नव्याने उद्भवलेला. आतून पूर्ववत असल्याचे प्रथमदर्शनी दिसते.

"मग आता निकाल द्यायचा का?" दगडाच्या वकिलांनी विचारले. "पोरगी तर आली."

बाईने नायकांकडे पाहिले. मुलगी जमिनीकडे पाहत होती, आणि ते पाहणे छपराखालच्या सगळ्यांना कळले. पुढच्या मोहिमेला तिला बोलावणार होते, हे तिने अजून सांगितले नव्हते.

"दगड आला का?" नायकांनी विचारले.

"न्हाई," मुलगी हळूच म्हणाली.

"मग काय, तारीख."

बाईने मला विचारले, "जैसे थे उठलं तर न्हाई ना?"

"उठलेले नाही. पुढील आदेशापर्यंत लागू आहे."

"बराबर," ती म्हणाली. मुलीची पिशवी तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि दोघी जीपकडे गेल्या.